गांजा ओढणाऱ्याचे शरीर व मन कसे राखावे

(खेड्यांतील मंडळ्या व उपदेशक यांच्यासाठी पाठ)

गांजा वाईट आहे, तो सोडावा, एवढे सांगितले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आम्हांपैकी पुष्कळांस वाटते. ज्याने अद्याप चिलीम हाती धरली नाही त्यास एवढा उपदेश पुरे आहे. परंतु जो मनुष्य वीस वर्षे रोज सायंकाळी ओढ्याकाठी बसून गांजा ओढीत आला आहे, त्याने हा उपदेश शंभरदा ऐकलेला असतो. तो उद्याही ओढणार हे त्यास ठाऊक असते, त्याच्या बायकोस ठाऊक असते, आणि आम्हांसही ठाऊक असते. मग अशा मनुष्याच्या छातीचे, हृदयाचे, बुद्धीचे, आणि त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्या मुलाचे काय? ह्या पाठात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गांजा मुळीच न घेणे हाच सुरक्षित मार्ग होय, ह्यात शंका नाही. तथापि जो आज सोडीत नाही तो पुढे सोडू शकेल. मात्र तोपर्यंत तो जिवंत व शुद्धीवर राहिला पाहिजे. म्हणून त्यास होणारा अपाय जितका कमी करिता येईल तितका करणे हे त्याच्या शेजाऱ्याचे काम आहे.

१. झाड एक, पदार्थ तीन

भांग, गांजा व चरस ही नावे निरनिराळी असली तरी झाड एकच आहे. त्याची पाने वाटून करितात ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे राळेने चिकट झालेले शेंडे वाळवितात तो गांजा. आणि ती राळच गोळा करितात तो चरस. तिन्हींत नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच असून त्यास टीएचसी असे संक्षिप्त नाव आहे. राफाएल मेशूलाम व येहिएल गाओनी ह्या इस्राएलातील शास्त्रज्ञांनी ते १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे करून दाखविले. भांगेत हे द्रव्य सामान्यतः कमी, गांज्यात अधिक, व चरसात त्याहून अधिक असते. शिवाय गांज्याची एक पुडी दुसरीसारखी नसते. म्हणून “नेहमीइतकीच ओढली” असे म्हणणाऱ्यास आपल्या पोटात किती गेले ते खरोखर कळत नाही.

आपल्या प्रदेशाचा ह्या झाडाशी संबंध जुना आहे. अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, तो जिल्हा मुंबई इलाख्यात गांज्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. १८९३ साली इंग्रज सरकारने ह्या पदार्थांच्या चौकशीसाठी सात सभासदांचे एक कमिशन नेमिले. त्यांत तीन हिंदी गृहस्थ होते. त्यांनी १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली असा निर्णय दिला की, माफक सेवनाने बहुधा मोठा अपाय दिसत नाही, परंतु अतिसेवनाने शरीर व मन ह्यांची हानी होते. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या त्यांनी तपासल्या, तेव्हा पुष्कळ रोग्यांच्या नावापुढे काही चौकशी न करिताच “गांज्यामुळे” असे लिहिलेले आढळले.

सांप्रत स्थिती अशी आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा व चरस बाळगणे, विकणे व सेवन करणे हा गुन्हा ठरला आहे. भांगेची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. तथापि महाराष्ट्रात भांगेवरही परवान्याचे निर्बंध आहेत. भारत सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीवरून १० ते ७५ वयाच्या सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात ह्यांपैकी काही तरी घेतले होते, आणि सुमारे ७२ लाख लोकांस त्यापायी मदतीची गरज होती, असे दिसते. म्हणजे हे केवळ साधुबैराग्यांचे व्यसन राहिलेले नाही.

२. दोन खोटी बोलणी

खेड्यांत गांज्याविषयी दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक असे की, ही तर औषधी बुटी. झाडपाल्याने कोणाचे काय वाईट होणार? दुसरे असे की, एक झुरका घेतला की मनुष्य वेडा झालाच. ही दोन्ही बोलणी असत्य आहेत, आणि दोन्हींनी नुकसान होते. पहिल्याने नुकसान होते हे उघड आहे. दुसऱ्याने कसे होते ते सांगतो. तरुण मुलगा आमच्या तोंडून हे ऐकतो आणि मग पाहतो की, शेजारचा गडी दहा वर्षे ओढीत आहे, तरी शहाण्यासारखा नांगरतो व हिशेबही बरोबर ठेवितो. तेव्हा तो मनाशी म्हणतो, “हे खोटे, तर ह्यांचे बाकीचेही खोटेच असेल.” पुढे त्याच मुलास आपल्यामागे कोणी लागले आहे असे भास होऊ लागले, तर तो आमच्याकडे येत नाही. यास्तव अपाय जेवढा आहे तेवढाच सांगावा; तेवढाही थोडा नाही.

३. अपाय कोणते

पहिला अपाय सवयीचा. जे गांजा घेऊन पाहतात त्यांतील सुमारे दहांपैकी एकास तो सोडवत नाहीसा होतो. जे किशोरवयात आरंभ करितात त्यांत हे प्रमाण सहांपैकी एक असे आढळले आहे. आणि जे रोज घेतात त्यांत ते ह्याहून पुष्कळ अधिक आहे.

दुसरा अपाय मनाचा. स्वीडन देशात सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासांहून अधिक वेळा हा पदार्थ घेतला होता, त्यांत स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार न घेणाऱ्यांच्या सहापट आढळला. २०१९ साली युरोप व ब्राझील येथील एका अभ्यासात रोज घेणाऱ्यांत तशा विकाराचा संभव सुमारे तिप्पट, आणि तीव्र जातीचा पदार्थ रोज घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट दिसला. ह्याचा अर्थ प्रत्येक ओढणारा वेडा होतो असा नव्हे. बहुतेक होत नाहीत. परंतु वय जितके लहान, पदार्थ जितका तीव्र व सेवन जितके नित्य, तितका धोका मोठा, एवढे निश्चित दिसते. बुद्धीची धार व स्मरणशक्ती हीही नित्य सेवनाने मंदावतात. शाळेत जाणाऱ्या मुलाचे नुकसान प्रथम येथेच होते.

तिसरा अपाय छातीचा. गांज्याच्या धुरातही डांबर व विषारी वायू असतात. नित्य ओढणाऱ्यास खोकला, कफ व दमट छाती ही जडतात. आपल्याकडे चिलमीत तंबाखू मिसळतात, त्यामुळे तंबाखूचे सर्व अपायही त्याच झुरक्याबरोबर आत जातात.

चौथा अपाय हृदयाचा. ओढल्यावर थोड्याच मिनिटांत नाडी जलद चालू लागते. तरुणास ह्याचे काही वाटत नाही. परंतु ज्याचे हृदय आधीच दुखावलेले आहे त्यास त्या पहिल्या तासात झटका येण्याचे भय असते.

पाचवा अपाय फारसा कोणास ठाऊक नाही. पुष्कळ वर्षे रोज ओढणाऱ्या काहींस ओकाऱ्यांचे झटके येतात. पोटात दुखते, अन्न ठरत नाही, आणि ऊन पाण्याने स्नान करीत राहिले की तेवढ्यापुरते बरे वाटते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ साली हा रोग प्रथम वर्णन केला. लोक ह्यास करणी किंवा पित्त समजतात, आणि पोटास आराम पडावा म्हणून आणखी गांजा ओढितात! गांजा पूर्ण सोडल्यावाचून हा रोग जात नाही.

४. ज्यांनी मुळीच घेऊ नये

खालील लोकांस थोडे घ्या, जपून घ्या, असे सांगणेही चुकीचे आहे. त्यांनी मुळीच घेऊ नये.

(अ) मुले व तरुण. मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. आरंभ जितका लांबणीवर पडेल तितका लाभ आहे.

(आ) ज्याच्या आईबापांत किंवा भावंडांत कोणास वेड लागले होते, किंवा ज्यास स्वतःस एकदा तरी भास झाले आहेत, असा मनुष्य. आपल्या घरांत अशी गोष्ट लपवून ठेवितात. परंतु वडील मंडळींनी निदान घरच्या मुलांस ती खरी सांगावी, कारण त्यांचे रक्षण त्या माहितीत आहे.

(इ) गरोदर व अंगावर पाजणारी स्त्री. गर्भावर परिणाम होऊन मूल कमी वजनाचे जन्मते, आणि हे द्रव्य दुधातही उतरते. कित्येक ठिकाणी बाळ शांत झोपावे म्हणून त्यास भांगेचे बोट चाटवितात, ते तर सर्वथा वर्ज्य समजावे.

(ई) हृदयाचा, दम्याचा किंवा क्षयाचा रोगी.

५. जो ओढीतच आहे त्यास सूचना

कॅनडा देशाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी हा पदार्थ कायदेशीर केला. परंतु कायदेशीर म्हणजे निरुपद्रवी असे तेथील आरोग्यशास्त्रज्ञ मानीत नाहीत. त्यांनी २०११ साली, आणि सुधारून २०१७ साली, अपाय कमी करण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील तत्त्व घेऊन आपल्या खेड्यांस लागू पडेल असे आम्ही येथे सांगतो.

पहिली सूचना: रोज ओढू नये. सर्व सूचनांत ही सर्वांत मोठी आहे. ज्यास आज सोडवत नाही त्याने प्रथम आठवड्यात दोन दिवस कोरडे ठेवावे, मग चार, आणि शेवटी आठवड्यातून एकदा-दोनदा ह्याहून अधिक नाही, असे करावे. सकाळची चिलीम तर प्रथम बंद करावी; जो उठल्याबरोबर ओढितो त्याचे काम, जेवण व कमाई ही तिन्ही त्या दिवसापुरती बुडतात.

दुसरी: तीव्र पदार्थ टाळावा. चरस किंवा अनोळखी माणसाने दिलेली पुडी घेऊ नये. शहरांत वनस्पतीवर कृत्रिम रसायने शिंपडून विकतात. ती गांज्याहून फार भयंकर आहेत व त्यांनी माणसे मेली आहेत. धोतऱ्याचे बी मिसळलेली भांग किंवा चिलीम हे सरळ विष आहे. पावसाळ्यात बुरशी धरलेला गांजाही छातीस घातक होतो.

तिसरी: दम कोंडून धरू नये. पुष्कळजण छातीभर धूर ओढून तो बराच वेळ आत ठेवितात, म्हणजे नशा अधिक येते अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. नशेचे द्रव्य बहुतेक पहिल्या काही क्षणांतच रक्तात जाते. त्यापुढे आत राहते ते डांबर. चिलमीच्या बुडाच्या ओल्या छापीने धूर थंड लागतो व ठिणगी अडते, परंतु विष पुरते गाळले जात नाही.

चौथी: तंबाखू मिसळू नये. एक व्यसन सोडू पाहणाऱ्यास दुसरे मागे ओढून नेते.

पाचवी: चिलीम फिरवू नये. पाचजणांत एक क्षयाचा रोगी असला, तर बंद खोलीत जवळजवळ बसून खोकणाऱ्या त्या मंडळीत रोग सहज पसरतो. ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्याने सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ती तपासणी व क्षयाचे औषध विनामूल्य आहे.

सहावी: भांग खाणाऱ्याने विशेष जपावे. धूर नसल्यामुळे छाती वाचते हे खरे, परंतु खाल्लेल्याचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत दिसत नाही, आणि मग सहा-आठ तास किंवा अधिक टिकतो. “काहीच चढली नाही” म्हणून मनुष्य दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. शिमग्यास व महाशिवरात्रीस दवाखान्यात नेलेल्यांत असे पुष्कळ असतात. भांगेचे पेढे व घोटा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सातवी: दारू किंवा झोपेच्या गोळ्या ह्यांबरोबर गांजा घेऊ नये. दारूबरोबर घेतल्याने गांज्याचे द्रव्य रक्तात अधिक चढते, आणि दोहोंनी मिळून तोल व शुद्ध ही लवकर जातात.

आठवी: ओढल्यावर निदान सहा तास, आणि खाल्ल्यावर त्याहून बराच अधिक वेळ, मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी ह्यांस हात लावू नये, विहिरीत उतरू नये, विजेच्या पंपाजवळ जाऊ नये. आम्ही जे अपाय वर सांगितले ते बहुतेक हळूहळू येतात. हा मात्र एका क्षणात येतो, आणि पुष्कळदा ज्याने ओढली नाही त्याच्यावर येतो.

नववी: महिनाभर सोडून जो पुन्हा घेतो त्याने पूर्वीचे माप धरू नये. शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून जुने माप आता भारी होते.

६. सोडताना काय होते

नित्य ओढणारा एकदम थांबला म्हणजे एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, झोप न येणे, अन्न नकोसे होणे, घाम व विचित्र स्वप्ने ही सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ती फार जाचतात आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत जातात. झोप मात्र कधी कधी त्याहून उशिरा जागेवर येते. गांजा थांबविल्याने प्राण जात नाही. हे घरच्यांस आधीच सांगून ठेवावे, नाही तर तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणते, “अहो, ओढा बाई एकदा, पण ही किरकिर पुरे!” जो गांज्याबरोबर रोज भरपूर दारूही घेतो त्याची गोष्ट वेगळी, दारू एकाएकी बंद केल्याने झटके येऊन जीव धोक्यात येतो, म्हणून त्याने डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी.

सोडणाऱ्याने पहिले तीन आठवडे सायंकाळची ती घटका रिकामी ठेवू नये. जुने सोबती त्याच वेळी हाक मारितात. त्या वेळी भजनास बसावे, गोठ्यातले काम काढावे, मुलांचा अभ्यास घ्यावा, किंवा दूरवर चालून यावे. चिलीम व पुडी घरात ठेवू नये. ह्या व्यसनावर खात्रीचे असे औषध अद्याप नाही. जाणत्या समुपदेशकाशी वारंवार बोलणे हाच आजवरचा उत्तम उपाय ठरला आहे. पुण्यास १९८६ पासून मुक्तांगण ही संस्था हे काम करीत आहे. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा, आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’ नावाचा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी आहे. दोन्हींस पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भयाने पुष्कळजण उपचारास जात नाहीत. त्यांस हे सांगावे की, १९८५ च्या कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, केवळ सेवनाचा किंवा अल्प मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतः होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याजवर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकल्यास मात्र ही सवलत जाते.

७. केव्हा थांबू नये

कोणी दिसत नसता आवाज ऐकू येणे, आपल्यास विष घालितात असा संशय, जीव देण्याची भाषा, छातीत कळ, थांबत नाहीत अशा ओकाऱ्या, हाक मारूनही न उठणे, किंवा लहान मुलाने भांग खाल्ली असणे, ह्यांपैकी काही दिसले तर देवऋषीकडे जाऊन रात्र घालवू नये. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. बेशुद्ध मनुष्यास कुशीवर निजवावे, त्याच्या तोंडात ताक, लिंबू काही घालू नये. आणि डॉक्टरास काय घेतले, किती व केव्हा, हे स्पष्ट सांगावे. लाज वाटून “काही नाही, उन्ह लागले” असे सांगणाऱ्या नातलगांमुळे योग्य उपचारास उशीर होतो.

८. उपदेशकाने कसे वागावे

ओढणाऱ्याचे नाव सभेत घेऊन त्यास खाली पाहावयास लावू नये. त्याने चिलीम सुटत नाही, फक्त तो आपल्यापासून दूर जातो. एकांतात जावे व साधे प्रश्न विचारावे: “दादा, दिवसाची पहिली केव्हा भरता? आठवड्यात कोरडा दिवस किती जातो? गाडी कोण चालवितो? रात्री खोकला येतो का? घरी पैसे पुरतात का?” उत्तरावर रागावू नये. मग वरील सूचनांपैकी एकच निवडून ती महिनाभर पाळण्यास सांगावी. जो पाच दिवस ओढीत होता तो तीन दिवसांवर आला, तर त्यास “अजून सोडली नाही ना?” असे न म्हणता “दोन दिवस जिंकलेत” असे म्हणावे. पुन्हा घसरला तर पुन्हा जावे. आणि त्याच्या बायकोस विसरू नये. त्याचा बुडालेला रोज तीच दुसऱ्याच्या शेतात खुरपून भरून काढीत असते, आणि त्याच्या मनात काही बिघडत आहे हे सर्वांआधी तिलाच दिसते.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. भांग, गांजा व चरस ह्यांत भेद कोणता? त्यांत सर्वांत तीव्र कोणता?
२. अपाय वाढवून सांगितल्याने तरुणांचे नुकसान कसे होते?
३. कोणत्या चार प्रकारच्या लोकांनी हे पदार्थ मुळीच घेऊ नयेत? आपल्या गावी त्यांस ही गोष्ट कोण सांगेल?
४. चिलीम फिरविणे व दम कोंडणे ह्यांत काय धोका आहे?
५. सोडणाऱ्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्याच्या घरच्यांनी व मंडळीने काय करावे?
६. आपल्या ओळखीच्या एका ओढणाऱ्याचे नाव मनात आणा. ते कोणास सांगू नका. ह्या आठवड्यात त्याच्याकडे केव्हा जाल व नऊ सूचनांपैकी कोणती एक त्याच्यापुढे ठेवाल?